एप्रिलच्या पाण्यावर उभी राहणारी बाग: डोंगरकुशीतल्या वाडीचं पाणी आणि लागवड

सावंतवाडी, दोडामार्ग आणि पलीकडे गोव्यातल्या सत्तरीच्या पट्ट्यात आडबाजूच्या वाडीची रचना बहुधा ठरलेली असते. माथ्यावर जांभ्याचा सडा (सपाट कातळ), खाली रानाचा उतार, उताराच्या पायथ्याशी झरा, झऱ्याखाली नारळी-पोफळीचे टप्पे आणि सगळ्यात तळाला वहाळ, म्हणजे ओढा. गोव्यातलं कुळागर याच रचनेवर उभं असतं. अशी दोन-चार एकरांची जागा वारशाने किंवा विकत हाती आली की बहुतेक जण आधी झाडं आणतात आणि पाण्याचं मग बघू म्हणतात. पावसाळ्यात लावलेली शेकडो रोपं दुसऱ्या वर्षीच्या वैशाखात वाळतात ती यामुळेच. या लेखातला क्रम उलटा आहे: आधी पाणी मोजायचं, मग ते अडवायचं, आणि शेवटी त्या पाण्यात बसतील तेवढीच झाडं लावायची.

पाणी कुठून येतं, कुठे जातं

इथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ३,००० मिलिमीटर आणि त्याहून जास्त पाऊस पडतो. तरीही शिमगा झाला की वहाळ बारीक होतो. कारण जांभ्यात आहे. जांभा सच्छिद्र आणि भेगाळ असतो, पडलेलं पाणी तो पटकन आत घेतो. त्याच्याखाली शेडीचा, म्हणजे पांढरट-गुलाबी चिकट मातीचा थर असतो. पाणी त्या थरावर अडतं, आडवं सरकतं आणि उतारावर जिथे दोन्ही थर उघडे पडतात तिथून झरा होऊन बाहेर येतं.

यातून दोन गोष्टी पाळायच्या. झऱ्याच्या वरचा सडा आणि रान ही तुमची टाकी आहे, तिथे बुलडोझर फिरवायचा नाही. आणि झऱ्याच्या तोंडाशी जेसीबी लावून 'जरा मोठा' करायचा नाही. शेडीचा थर फुटला की पाणी खाली उतरतं आणि आहे तो झराही जातो. तालुक्यात असे गेलेले झरे दाखवणारी माणसं जागोजागी भेटतील.

सड्यावर लागवडीचा मोहही आवरावा. पावसाळ्यात तिथे सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू अशा इवल्या वनस्पती येतात, काही सड्यांवर दीपकाडीही दिसते. त्या टीचभर मातीत आंब्याचं कलम लावायचं तर सुरुंगाने खड्डा मारावा लागतो. कलम जेमतेम जगतं आणि भेगांमधली पाण्याची वाट बिघडते ती वेगळीच.

मोजणी: एक बादली, एक घड्याळ

मोजायचं ते एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून वळवाची पहिली सर येईपर्यंत. डिसेंबरचं माप फसवतं, तेव्हा झरा तीन-चार पट वाहत असू शकतो.

झऱ्याखाली चिखलाचा वीतभर बांध घालून सगळं पाणी एका पाइपातून पडेल असं करा. बांधाच्या कडेने पाझर दिसला तर चिकणमातीने लिंपा, नाहीतर माप कमी येतं. पाणी स्थिर पडू लागलं की २० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते तीनदा मोजून सरासरी काढा. समजा ५० सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला ०.४ लिटर, तासाला १,४४० लिटर, दिवसाला सुमारे ३४,५०० लिटर. आकडा मोठा दिसतो, पण तो सगळा तुमचा नाही. पहाटे आणि भर दुपारी अशा दोन्ही वेळी मोजा. झऱ्याजवळ मोठी झाडं असतील तर दुपारचं माप थोडं कमी येतं.

वाहतं पाणी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ नुसार सरकारच्या मालकीचं आहे, आणि खालच्या वाड्यांचे वापराचे हक्क बहुधा तुमच्या खरेदीखतापेक्षा जुने असतात. सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना वाचा आणि गावात पाण्याची पाळी कशी आहे ते विचारा. कोणाकडे कोणत्या वारी, किती घटका पाट वळवायचा हे अनेक ठिकाणी अजून तोंडी पण पक्कं असतं. हिशेबासाठी निम्मं पाणी वहाळाला सोडलंय असंच धरा. खालच्या माणसाशी भांडण लागलं तर आडबाजूच्या वाडीत राहणं मुश्कील होतं, कोर्टाची बात तर दूरच.

आता उरले साधारण १७,००० लिटर. घर, गोठा आणि गळती यांचे २,००० वजा केले की बागेला १५,००० लिटर. ठिबकवर उन्हाळ्यात रोजची गरज अशी: मोठ्या नारळाला ४० लिटर, फळ धरत्या पोफळीला २०, जायफळाला ३०, केळीला १५. यात ६० माड, ३०० पोफळी, ४० जायफळं आणि १५० केळी बसतात, बेरीज ११,८५० लिटर. उरलेले तीन हजार लिटर कमी पावसाच्या वर्षासाठी राखायचे, त्यावर आणखी झाडं बसवायची नाहीत.

पाटाने शिपणार असाल तर हाच हिशेब जवळजवळ निम्म्यावर येतो, कारण जांभ्याच्या मातीतल्या उघड्या पाटात वाटेतच बरंच पाणी मुरतं. पाटपाण्याच्या बागेत पोफळीला दर पाळीला १७५ लिटर लागतात. पाळी नोव्हेंबर-डिसेंबरात ७-८ दिवसांनी, जानेवारी-फेब्रुवारीत ६ दिवसांनी आणि मार्च ते मे ३ ते ५ दिवसांनी. पाट ठेवायचाच असेल तर जास्त मुरणाऱ्या पट्ट्यापुरती पोफळीच्या खोडाची पन्हळ घाला किंवा अर्धा कापलेला पीव्हीसी पाइप. पन्हळ दोन-तीन वर्षांत कुजते, पण बागेतल्याच मेलेल्या झाडाची असल्याने खर्च नाही.

झऱ्याची चौकी

झऱ्याचं पाणी उघड्यावर गोळा केलं की पाला, बेडूक आणि रानडुकरं यांच्यापासून सुटका नाही. म्हणून तोंडाशीच एक छोटी बंदिस्त चौकी बांधावी. काम मार्च-एप्रिलात करायचं, पाणी कमी असताना.

पालापाचोळा आणि सैल माती हाताने काढत पाणी जिथून फुटतं त्या घट्ट थरापर्यंत जा. पहार नको, खुरपं पुरे. समोरच्या बाजूने अर्धगोल चिऱ्याची भिंत घ्या, साधारण एक मीटर उंच. पाया शेडीत एक वीत बसवा, पण थर फोडू नका. भिंतीत तीन पाइप ठेवायचे: तळाला गाळ सोडण्यासाठी ६३ मिमीचा, बूच लावलेला, तळापासून वीतभर वर बागेकडे जाणारा, आतल्या तोंडाला जाळी, आणि वर सांडव्याचा, तो बागेच्या पाइपापेक्षा मोठा.

खरी गोम सांडव्याच्या उंचीत आहे. चौकीतलं पाणी झऱ्याच्या मूळ पातळीपेक्षा वर चढता कामा नये, सांडवा त्या पातळीच्या ५ ते १० सेंटिमीटर खालीच हवा. जास्त साठा मिळेल म्हणून भिंत उंच घेऊन पाणी तुंबवलं की मागे दाब वाढतो, झरा दुसरी वाट शोधतो आणि पुढच्या वर्षी चौकी कोरडी, पाणी वीस पावलांवर. आत झऱ्याच्या बाजूने धुतलेले मोठे दगड, मग खडी, वर फरशीचं झाकण. चौकीच्या वर ८-१० मीटरवर एक आडवा चर खणून पावसाचं गढूळ पाणी बाजूला काढा.

इथून साठवण टाकीपर्यंत एचडीपीई पाइप. सेकंदाला ०.४ लिटर प्रवाहाला ३२ मिमीच्या पाइपात दर १०० मीटरला सुमारे अडीच मीटर उंची घर्षणात जाते, ४० मिमीच्या पाइपात मीटरभरही जात नाही. तीनशे मीटरची वाट असेल तर हा फरक मोठा होतो, म्हणून ४० मिमीचाच घ्या. पाइप सतत उतरता न्या. मध्ये कुठे चढ-उतार आला की उंचवट्यावर हवा अडकते आणि पाणी थेंब-थेंब येतं. झरा आटला अशी बोंब होते तेव्हा निम्म्या वेळा ही अडकलेली हवाच असते. उंचवटा टाळता येत नसेल तर तिथे टी बसवून हवा सोडण्याचा व्हॉल्व्ह लावा.

टाकी १०,००० लिटरची पुरते, कारण रात्रभर ती भरत राहते. ती बागेच्या सगळ्यात वरच्या टप्प्यापेक्षा १० मीटर उंच बसवता आली तर ठिबकला लागणारा साधारण १ किलोचा दाब पंपाशिवाय मिळतो. तेवढी उंची नसेल तर दाबावर चालणारे ड्रिपर घेऊ नका, साध्या मायक्रोट्यूब लावा आणि प्रत्येक टप्प्याला वेगळा कॉक द्या. टाकीनंतर जाळीचा फिल्टर हवाच. जांभ्यातल्या पाण्यात लोह असेल तर ड्रिपरच्या तोंडाशी तांबूस लेप बसतो. अशा ठिकाणी पाणी टाकीत पडताना शॉवरसारखं हवेतून पडू द्या, लोह टाकीतच खाली बसतं.

वनराई बंधारा

वहाळावरचा कच्चा बंधारा पाणी साठवण्यापेक्षा आजूबाजूची जमीन ओली ठेवण्यासाठी जास्त उपयोगी. खालच्या विहिरीची पातळी त्याने महिनाभर तरी जास्त टिकते.

वेळ नेमकी साधावी लागते. परतीचा पाऊस संपायच्या आधी घातला तर एका रात्रीत वाहून जातो, डिसेंबर उजाडला तर अडवण्यासारखं पाणी उरत नाही. दसरा ते दिवाळीच्या आसपास वहाळाचं पाणी निवळ झालं की काम काढा. जागा अशी बघा की दोन्ही काठ घट्ट आहेत, पात्र अरुंद आहे आणि वरच्या बाजूला उतार कमी आहे.

सहा मीटर रुंद पात्रात एक मीटर उंच बंधारा, तळाशी दोन मीटर आणि माथ्यावर एक मीटर रुंद, यासाठी सिमेंटच्या साडेतीनशे ते चारशे रिकाम्या गोण्या लागतात. गोणी दोन-तृतीयांश भरायची. तट्ट भरलेली गोणी गोल राहते आणि फटी पडतात. तोंड सुतळीने शिवा. भरायला वहाळातलीच वाळू-माती, पण काठ खणून नाही. पात्रातली सैल वाळू काढून घट्ट तळ लागला की पहिला थर प्रवाहाच्या दिशेने लांबट ठेवा, वरचा थर आडवा, आणि सांधे एकावर एक येऊ देऊ नका. वरच्या अंगाला चिकणमातीचा जाड लेप द्या, बंधाऱ्याचा जीव या लेपात आहे. मध्यभाग कडांपेक्षा वीतभर खाली ठेवला की पाणी मधून सांडतं आणि काठ कापत नाही. जिथे पाणी पडतं तिथे मोठे दगड टाका, नाहीतर पायाखालून खड्डा पडून बंधारा बसतो. उंची सव्वा मीटरच्या वर नेऊ नये.

मेच्या मध्यापर्यंत बंधारा काढलाच पाहिजे, आणि याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. उन्हाने गोण्यांचं प्लास्टिक पिठूळ होतं, पहिल्या पुरात त्याच्या चिंध्या खालच्या शेतांत जातात. शिवाय पहिल्या पावसात अंडी घालायला मासे वहाळात वर चढतात, त्यांची वाट अडते. गोण्या रिकाम्या करून गाठोडं बांधून ठेवा, चांगल्या असतील त्या पुन्हा चालतात.

वरच्या उतारावर काजूची नवी कलमं असतील तर तिथे पाणी वाहून नेण्यापेक्षा जलकुंड सोयीचं. खड्डा ४ मीटर लांब, २ रुंद, १ खोल. त्यात ८,००० लिटर राहतं. बाजूंचे टोकदार दगड काढून आत भाताचा पेंढा अंथरा आणि वर ७ × ५ मीटरचा जाड सिल्पॉलिनचा कागद घाला. कडेला अर्धा-अर्धा मीटर मातीत पुरायला उरतो. पावसाने तो आपसूक भरतो. उन्हाळ्यात दिवसाला सुमारे ५ मिमी बाष्पीभवन धरलं तरी रोज ४० लिटर उडून जातात, म्हणून वर बांबू आणि झावळ्यांचं छप्पर घाला. आतल्या बाजूला एक काठी तिरकी टाकून ठेवा, पडलेला सरडा किंवा खार त्यावरून बाहेर येते, नाहीतर पाणी नासतं.

विहीर आणि पिण्याचं पाणी

बाव, म्हणजे विहीर, जुनी असेल तर कठडा आणि भोवतीचा ओटा दुरुस्त करणं हे पहिलं काम, कारण घाण वरूनच आत जाते. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर लांब हवा असं म्हणतात. भेगाळ जांभ्यात तेवढं पुरत नाही; ३० मीटर आणि तेही उताराच्या खालच्या अंगाला ठेवा.

पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की ब्लीचिंग पावडर घालायची, १,००० लिटरला अडीच ग्रॅम. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी २ मीटर असेल तर ०.७८५ × ३ × ३ × २ म्हणजे सुमारे १४ घनमीटर, साधारण १४,००० लिटर, पावडर ३५ ग्रॅम. बादलीत कालवून, चोथा खाली बसू देऊन वरचं निवळ पाणीच विहिरीत सोडा. रात्री घाला, सकाळी उपसा. उघड्या पडलेल्या जुन्या पावडरीत क्लोरीन उरत नाही, तेव्हा घट्ट झाकणाचा डबा हवा.

सांडपाणी न्हाणीघरामागे डबक्यात सोडू नका. कर्दळ आणि अळू लावलेल्या खडीच्या चरातून पुढे केळींना द्या.

पोफळीची लागवड

टप्प्यांवरचं मुख्य पीक पोफळ. तिची मुळं उथळ असतात, पाणी नियमित लागतं पण साचलेलं चालत नाही, आणि नैऋत्येचं ऊन खोडाला भाजतं. सगळे नियम या तीन गोष्टींतून येतात.

अंतर २.७ × २.७ मीटर. ओळी दक्षिणोत्तर धरून दक्षिणेकडचं टोक पश्चिमेकडे सुमारे ३५ अंश कलतं ठेवावं, म्हणजे दुपारनंतर एका झाडाची सावली दुसऱ्याच्या खोडावर पडते. टप्पे अरुंद असतील तर हे जमत नाही. मग बागेच्या दक्षिण-पश्चिम कडेला केळीची दाट ओळ लावा आणि कडेच्या पोफळींची खोडं झावळ्यांनी बांधा. भाजलेल्या खोडावर आधी पिवळे-तपकिरी डाग दिसतात, मग भेगा पडतात आणि काही वर्षांनी झाड तिथेच मोडतं.

खड्डा हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत ९० सेंटिमीटर घन, भारी जमिनीत ६०. रोप श्रीवर्धनीचं घ्या किंवा मंगलाचं, पण वय वर्षाच्या वर, पाच तरी पानं आणि बुंधा जाड. उंच, बारीक रोप सावलीत ताणलेलं असतं, ते नको. तळाला माती-शेणखत भरून रोप खड्ड्यात बसवा आणि माती फक्त गाठीपर्यंत ओढा. खड्डा काठोकाठ भरू नये. खोड वाढत जाईल तसतशी माती भरत जायची. निचऱ्याच्या जमिनीत लागवड मे अखेर ते जून. चिकट जमिनीत पावसाचा जोर ओसरल्यावर ऑगस्ट-सप्टेंबरात, नाहीतर खड्ड्यात पाणी साचून रोप कुजतं.

दर दोन ओळींमध्ये निचऱ्याचा चर हवा, आणि तो खड्ड्याच्या तळापेक्षा १५ ते ३० सेंटिमीटर जास्त खोल. एक फुटाचा शोभेचा चर खणून उपयोग नाही. दर मेमध्ये तो साफ करावा लागतो. बाग पिवळी पडली की लोक खत घालतात, पण आधी चरात उतरून पाहावं: तळाशी पाणी उभं असेल आणि मातीला सडका वास असेल तर दोष निचऱ्याचा आहे.

खत धरत्या झाडाला वर्षाला १२ किलो शेणखत, १२ किलो ओला पाला, २२० ग्रॅम युरिया, २५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि २३५ ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. पहिल्या वर्षी तिसरा हिस्सा, दुसऱ्या वर्षी दोन हिस्से, तिसऱ्यापासून पूर्ण. रासायनिक खत दोन हप्त्यांत द्या, जोरदार पावसात नाही. सगळा युरिया वहाळात जातो, आणि तिथे शेवाळ माजतं.

माड, जायफळ, मिरी

माडाला ७.५ मीटर अंतर, एक मीटर घन खड्डा. बाणवली आणि प्रताप या जाती कोकणात नेहमीच्या; भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रातून खात्रीची रोपं मिळतात, मागणी आधी नोंदवा. पाच वर्षांपुढच्या माडाला वर्षाला ५० किलो शेणखत, सव्वादोन किलो युरिया, ३ किलो सुपर फॉस्फेट आणि २ किलो पोटॅश, रासायनिक खताचे तीन हप्ते करून जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत. खत बुंध्याशी ओतू नका, दीड-दोन मीटरच्या आळ्यात पसरा.

चार माडांच्या मधोमध जायफळ चांगलं येतं. बी-रोपं लावली तर निम्मी नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात, म्हणून मादी झाडाचं कलमच घ्या, दहा माद्यांमागे एक नर. कोकण सुगंधा, कोकण स्वाद या दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या जाती. सावली नसेल तर जायफळ लावूच नका. कोवळ्या माडांत आधी केळी, मग जायफळ.

मिरी पोफळीवर चढवायची ती पोफळ सहा-आठ वर्षांची झाल्यावर. पन्नियूर-१ ला मोकळा उजेड लागतो, दाट पोफळीखाली पन्नियूर-५ बरी. वेल खोडाच्या उत्तरेला, खोडापासून दोन-अडीच फुटांवर लावा.

मिरीचा शत्रू म्हणजे ऐन पावसातली जलद मर. पानांवर काळे ओले डाग पडतात आणि दहा-पंधरा दिवसांत बहरलेला वेल उभा सुकतो. बुरशी मातीतून, पावसाच्या उडालेल्या थेंबांतून चढते. म्हणून मे अखेरीस जमिनीवर लोळणारे फुटवे बांधून वर घ्या किंवा कापा, आणि बुंध्याभोवती पाणी उभं राहू देऊ नका. कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात प्रत्येक वेलाच्या बुंध्याशी ५ ते १० लिटर ओता. त्याच सुमारास ट्रायकोडर्मा टाकलात तर पैसे वाया: तांबं तीही बुरशी मारतं.

कोळेरोग आणि बोर्डो

पोफळीची कोवळी फळं जुलैत पाणचट डाग पडून गळतात, तो कोळेरोग. पाऊस सुरू झाल्यावर औषध शोधून हाती काही लागत नाही. पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर, दुसरी ४० ते ४५ दिवसांनी उघडीप बघून.

एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद फडक्यात बांधून रात्रभर ५० लिटर पाण्यात टांगा. चुना विझवून गाळा आणि उरलेल्या ५० लिटरमध्ये मिसळा. मग ढवळत राहून मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओता. उलटं केलं तर साका होतो आणि नोझल तुंबतं. पिंप प्लास्टिकचं घ्या, लोखंडी अजिबात नको. घासलेली सुरी मिनिटभर बुडवून पाहा: तांबूस लेप चढला तर चुना कमी आहे, चुन्याची निवळी थोडी-थोडी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा, आणि घोसाला खालूनही लागलं पाहिजे.

पंप मात्र वहाळात धुवायचा नाही. तांबं माशांना आणि बेडकांच्या पिल्लांना घातक आहे. बागेतच, वहाळापासून लांब खड्डा ठेवा.

माडाच्या झावळ्या कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या दिसल्या तर गेंड्या भुंगा आहे. तो बागेतल्या शेणखड्ड्यातच वाढतो. खड्ड्यात मेटारायझियम ही बुरशी मिसळा आणि लहान माडाच्या वरच्या तीन पानांच्या बेचक्यांत मिळून चार डांबरगोळ्या ठेवून वाळूने झाका, दर ४५ दिवसांनी.

वहाळाचा काठ

काठाचा तीन ते पाच मीटर पट्टा लागवडीतून सोडा. तिथे उंबर, जांभूळ, करंज, वाळुंज, भेर्ली माड, केवडा, सीतेचा अशोक हे आपोआप असतं किंवा सहज येतं. काठ ढासळत असेल तर सिमेंटच्या भिंतीआधी वाळा लावून पाहा: दोन फुटवे वीतभर अंतरावर, समपातळीच्या ओळीत, जूनमध्ये. मुळं सरळ खाली जातात, त्यामुळे पोफळीशी झोंबाझोंबी नाही.

काठावर किंवा पाणथळीत गुडघ्याएवढी कमानदार मुळं जमिनीवर काढलेली जायफळाच्या कुळातली झाडं दिसली तर तिथे चर खणू नका. दोडामार्गातल्या हेवाळे-बांबर्ड्याला आणि सत्तरीतल्या निरंकाराच्या राईत उरलेली अशी पाणथळ राई देवाच्या धाकाने टिकली आहे. निचरा केला की ती झाडं जातात, आणि ती जमीन पोफळीला तशीही लायक नसते.

तळी असेल तर कुमुद लावा, जलपर्णी दिसताच मुळासकट काढून कंपोस्टात टाका. डासांसाठी गप्पी सोडण्याची गरज नाही. वहाळात पृष्ठभागाशी फिरणारे, डोक्यावर चकाकता ठिपका असलेले छोटे स्थानिक मासे असतात, तेच दहा-वीस आणून सोडा.

केळी आणि भेर्ली माड मांगराला (बागेतल्या घराला) लागून लावू नका. २००२ पासून कर्नाटकातून रानटी हत्ती दोडामार्गात येतात आणि त्यांचं लक्ष याच झाडांवर असतं. त्यांना दगडी गडगा अडवत नाही.

आच्छादनासाठी रानातला पाला डिसेंबरच्या आधी गोळा करून घ्या. त्यानंतर मेपर्यंत गोचिडांची पिल्लं पाल्यात असतात आणि त्यांच्यामुळे होणाऱ्या माकडतापाचा हाच मोसम. दोडामार्ग, बांदा, सत्तरी इथे त्याचे रुग्ण आढळलेत. पाल्यात जावंच लागलं तर अंगभर कपडे, हातापायांना आरोग्य केंद्रात मिळणारं, गोचिडांना दूर ठेवणारं डीएमपी तेल, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे उकळत्या पाण्यात. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. अचानक तीव्र ताप आणि डोकेदुखी झाली तर रानात गेल्याचं डॉक्टरांना सांगा. पावसाळ्यात चिखलात अनवाणी काम करणाऱ्याला ताप आला तर चिखलातल्या कामाचाही उल्लेख करा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची तपासणी लवकर होते.